बिनलग्नाचा जमाखर्च

मिस मॅटी टेबलावर दोन मेणबत्त्या ठेवते आणि पेटवते एकच. हिवाळ्यात दुपार सरते न सरते तोच अंधारून येतं. ती बराच वेळ शेकोटीच्या उजेडातच विणत बसते. सुया हाताला पाठ झालेल्या असतात. मग मेणबत्ती लागते, पण लक्ष सगळं वातीकडे. एक थोडी खाली आली की ती विझवायची आणि दुसरी लावायची, म्हणजे दोन्हींची उंची सारखी राहते. कारण संध्याकाळी अचानक कुणी आलंच तर दोन्ही लावाव्या लागणार, आणि येणाऱ्याला वाटलं पाहिजे की या घरात रोज दोन जळतात.

एलिझाबेथ गॅस्केलच्या ‘क्रॅनफर्ड’मधला हा प्रसंग. पुस्तक १८५३ सालचं. कॉलेजात असताना मी ते वाचलं होतं आणि मेणबत्त्यांचं पान बहुतेक नुसतं उलटलं होतं. तेव्हा मला गोष्टीत काय होतं ते हवं होतं, आणि क्रॅनफर्डमध्ये फारसं काही होतच नाही. पुन्हा हातात घेतलं ते एकोणपन्नासाव्या वर्षी, आत्या गेल्यानंतरच्या पावसाळ्यात. त्या पानावर मी थांबले ती रात्रभर थांबले.

आत्याच्या डोंबिवलीच्या खोलीत फळीवर कपबश्यांचे दोन संच होते. एक रोजचा, कानाला टवका उडालेल्या कपांचा. दुसरा पांढरा, निळ्या काठाचा, तीन कपांचा. पाहुणे तीनपेक्षा जास्त आले तर ती म्हणायची, “मी आत्ताच घेतला गं, तुम्ही घ्या.” तिने आत्ताच घेतलेला नसायचा. चौथा कप कधीच फुटला होता आणि एका कपासाठी नवा संच घेणं तिच्या हिशेबात बसत नव्हतं. हे मला आधीही माहीत होतं. पण ते माहीत असणं आणि ते मिस मॅटीच्या टेबलावर, दीडशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातल्या एका गावात पुन्हा दिसणं, यात फार फरक आहे.

माझं काम हिशेबाचं. पंचवीसहून जास्त वर्षं दुसऱ्यांचे ताळेबंद जुळवत आले आहे. लग्न केलं नाही. करायचं नाही असं ठरवूनही नाही, पण वेळ आली तेव्हा ‘नको’ म्हणता आलं आणि त्या ‘नको’वर जगता आलं. आत्या गेल्यापासून मी व्हिक्टोरियन काळातल्या एकट्या बायकांबद्दलची जुनी पुस्तकं शोधून शोधून वाचते आहे. कादंबऱ्या, आत्मचरित्रं, प्रवासवर्णनं, आणि पुढच्या अभ्यासकांनी लिहिलेली जाडजूड पुस्तकंही. काही फाउंटनच्या फुटपाथवर मिळाली, बरीचशी नेटवर स्कॅन केलेली आहेत. वाचताना माझी नजर आपोआप आकड्यांकडे जाते, आणि आता मला असं ठामपणे वाटतं की या पुस्तकांमध्ये बघायचं तेच आहे. या बायकांच्या धैर्याबद्दल भरपूर लिहून झालंय. पण धैर्याला दर महिन्याला भाडं भरावं लागतं. ते कुठून भरलं, हे ज्या पुस्तकात लिहिलंय, ते पुस्तक मी उशाशी ठेवते.

क्रॅनफर्डचंच घ्या. मिस मॅटीचे पैसे ज्या बँकेत गुंतवलेले असतात ती बँक बुडते. किती बुडाले ते गॅस्केलबाई मोघम सांगत नाहीत. वर्षाचे १४९ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स जाणार, उरणार वर्षाला फक्त १३ पौंड. चार पेन्सही सोडलेले नाहीत! ज्या बाईला दिवा किती जळला हे बोटांनी कळतं, तिला आपलं नुकसान पेनीपर्यंतच ठाऊक असणार. त्याच्या जरा आधीचा प्रसंग तर मला अजून नीट वाचवत नाही. मॅटी नव्या रेशमी कापडासाठी पाच सोन्याची नाणी घेऊन दुकानात गेलेली. तिथे एका शेतकऱ्याची पाच पौंडांची नोट दुकानदार नाकारतो, कारण ती त्या बँकेची. मॅटी आपली पाच नाणी त्याला देते आणि ती नोट स्वतःकडे घेते. ती बँकेची भागधारक आहे, म्हणजे बँकेच्या शब्दाची जबाबदारी तिची, इतकं सरळ आहे तिचं. मी भागधारकांच्या पुष्कळ सभा पाहिल्या आहेत. असं कुणी केलेलं पाहिलं नाही.

मग गावातल्या बायका गुपचूप जमतात. प्रत्येक जण वर्षाला आपण किती देऊ शकतो ते कागदावर लिहून, कागद बंद करून देते. कुणी किती दिले हे एकमेकींनाही कळायचं नाही आणि मॅटीला तर यातलं काहीच कळायचं नाही. मॅटी घराच्या दर्शनी खोलीत चहा विकायला बसते. त्याआधी गावातल्या दुकानदाराकडे जाऊन विचारून येते, की माझ्यामुळे तुमच्या धंद्याचं नुकसान तर होणार नाही ना. आणि तिची मोलकरीण मार्था, बँक बुडाल्याची बातमी आली त्या दिवशी, स्वतःच्या पैशांनी सामान आणून पुडिंग करते. बसलेल्या सिंहाच्या आकाराचं, बेदाण्यांचे डोळे लावलेलं. पुढे मार्था लग्न करते आणि मालकिणीलाच आपली भाडेकरू म्हणून ठेवून घेते.

हे सगळं गोड आहे, आणि म्हणूनच लगेच दुसरं पुस्तक उघडावं लागतं. जॉर्ज गिसिंगची ‘द ऑड विमेन’, १८९३. ‘ऑड’ म्हणजे विचित्र नव्हे; जोडीतला एक मोजा हरवला की उरतो तो दुसरा, तसं. डॉक्टर मॅडन नावाचा बाप सहा मुलींना मागे ठेवून अपघातात जातो, विमा उतरवायचा राहून जातो. मुलींना मिळून ८०० पौंड. त्यातल्या मोठ्या दोघी, ॲलिस आणि व्हर्जिनिया, लंडनमध्ये एका खोलीत राहतात आणि मुद्दलाला हात लावत नाहीत. त्या काळच्या सरकारी रोख्यांच्या तीन टक्क्यांनी मी गुणून पाहिलं: वर्षाला २४ पौंड. म्हणजे महिन्याला दोन पौंड, आणि त्यात वाटेकरी एकापेक्षा जास्त. दुपारी त्या खोलीतल्याच दिव्यावर तांदूळ शिजवतात, त्यात नावापुरतं लोणी, मीठ, मिरपूड, आणि हेच जेवण प्रकृतीला कसं हलकं असतं यावर एकमेकींशी बोलतात. तूप-मीठ-भात आपल्याकडे आजारपणात जेवतात किंवा लहान मुलांना भरवतात. लंडनच्या त्या खोलीत दोन सुशिक्षित, प्रौढ बायका तो रोज जेवतायत आणि त्याला पथ्याचं नाव देतायत.

त्या दोघींनी ८०० पौंडांतून छोटी शाळा काढावी, असं त्यांची मैत्रीण ऱ्होडा सांगत राहते. त्या हो म्हणतात, बेत करतात, आणि शाळा निघत नाही. व्हर्जिनिया एके दिवशी स्टेशनवरच्या उपाहारगृहात जाऊन चोरट्यासारखी ब्रँडी मागते. तिथून तिची उतरण सुरू होते. समीक्षक तिला दुबळी म्हणतात. मला नाही पटत. ज्या माणसाकडे कधीच मोठी रक्कम नव्हती, त्याला एकुलती एक रक्कम धंद्यात घालायला सांगणं म्हणजे काय, हे मी समोरच्या खुर्चीत बसलेल्या माणसांच्या चेहऱ्यांवर पाहिलेलं आहे. मुद्दल गेलं तर पुन्हा उभं करायला दुसरं आयुष्य नसतं. भीतीला दुबळेपणा म्हणणाऱ्यांच्या मागे बहुधा कुणाची तरी मिळकत असते.

या बायका इतक्या होत्या तरी किती? १८५१ सालची ब्रिटनची जनगणना झाली आणि एकदम बोभाटा झाला. पुरुषांपेक्षा बायका पाच लाखांहून जास्त. पुरुष वसाहतींत जात होते, सैन्यात, बोटींवर जात होते, उशिरा लग्नं करत होते. मध्यमवर्गातल्या मुली घरात वाट बघत होत्या. १८६२ साली डब्ल्यू. आर. ग्रेग या गृहस्थांनी लेख लिहिला: बायका फाजील का झाल्या? त्यांनी शब्दच तो वापरला, फाजील, गरजेपेक्षा जास्त, दुकानात माल पडून राहावा तशा. उपायही सांगितला: बोटीत बसवून वसाहतींत पाठवा, तिथे नवरे मिळतील. आणि त्यात एक वाक्य असं येतं की मी पेन खाली ठेवलं. घरकाम करणाऱ्या मोलकरणी यात मोजू नयेत म्हणे, कारण त्या पुरुषांची सेवा करतातच, म्हणजे त्यांचा उपयोग चालू आहे. घरगड्यांची आणि मोलकरणींची संख्या तेव्हा दहा लाखांच्या आसपास होती, त्यात बहुतेक बायका आणि त्यातल्या बहुतेक बिनलग्नाच्या. मार्था त्यांच्यातलीच. तिच्यासाठी ‘स्वतंत्र स्त्री’ हा शब्द कुणी वापरला नाही. तिचा हिशेब मालकिणीच्या वहीत ‘पगार’ या एका ओळीत संपला.

ग्रेग यांना त्याच वर्षी उत्तर दिलं फ्रान्सिस पॉवर कॉबने, जी स्वतः बिनलग्नाची होती. तिचं म्हणणं मला आजही कुठल्याही लग्नाच्या बैठकीत वाचून दाखवावंसं वाटतं. एकट्या बाईचं आयुष्य मोकळं आणि सुखाचं करा, मग जी लग्नं होतील ती प्रेमानेच होतील. कारण पोटासाठी लग्न करायची गरज कुणालाच उरणार नाही.

आपल्याकडचे शब्द आठवतात. ‘घोडनवरी’ आहेच. पण मला त्यापेक्षा बोचतो तो साधा, मऊ शब्दप्रयोग: ‘तिचं लग्न राहिलं.’ गाडीत छत्री राहावी तसं. आत्याबद्दल घरात हेच म्हणायचे, प्रेमाने म्हणायचे. इंग्रजीत ‘स्पिन्स्टर’ म्हणजे मुळात सूत कातणारी. हाताने कमावणारी बाई. तो शब्द पुढे केविलवाणा झाला आणि तरीही इंग्लंडच्या विवाहनोंदणीत २००५ सालापर्यंत टिकला. पण त्याच्या मुळाशी धंदा आहे, कमाई आहे. ‘राहिलं’ या शब्दाच्या मुळाशी काय आहे?

कायद्याचं मात्र उलटंच होतं, आणि हे मला या वाचनातून पहिल्यांदा नीट कळलं. इंग्लंडात लग्न झालं की बाईचं कायदेशीर अस्तित्व नवऱ्यात विरघळायचं. तिची कमाई त्याची, तिची रोकड त्याची, करारावर तिची सही चालायची नाही. बिनलग्नाची सज्ञान बाई मात्र मालमत्ता ठेवू शकत होती, दुकान काढू शकत होती, कुणावर फिर्याद करू शकत होती. १८६९ साली नगरपालिकेच्या निवडणुकीत कर भरणाऱ्या बायकांना मत मिळालं, आणि तीनच वर्षांत कोर्टाने स्पष्ट केलं की ते लग्न झालेलीला नाही. समाज जिला बिचारी म्हणत होता, ती कागदावर पूर्ण माणूस होती. जिचं चांगलं झालं म्हणत होता, ती कागदावर नव्हतीच.

गॅस्केलबाई स्वतः संसारी होत्या. एका गोष्टीचे त्यांना वीस पौंड आले, ते नवऱ्याने शांतपणे खिशात टाकून बटण लावलं, असं त्यांनीच पत्रात लिहून ठेवलंय. तक्रार म्हणून नाही, नवल म्हणून. १८७० आणि १८८२ च्या कायद्यांनी हे बदलायला लागलं, पण त्या १८६५ सालीच गेल्या. त्याच वर्षी स्वतःच्या कमाईतून, नवऱ्याला न सांगता एक घर घेऊन. त्या घरातच चहा घेता घेता त्यांना मृत्यू आला. मिस मॅटीची मेणबत्ती लिहिणाऱ्या बाईला स्वतःच्या नावाची चार भिंतींची जागा किती हवी होती, हे मला या एका व्यवहारातून कळतं.

आणि कमाई तरी किती? कादंबरीकार शार्लट ब्रॉन्टी १८४१ साली एका घरी गव्हर्नेस, म्हणजे मुलांना घरीच राहून शिकवणारी बाई, होती. पगार वर्षाला २० पौंड, त्यातून धुलाईचे ४ पौंड कापलेले. कपडे धुण्यापायी पगाराचा पाचवा हिस्सा. शिवाय मुलांना शिकवून झालं की रात्री शिवणकाम.

हॅरिएट मार्टिनो या लेखिकेचं आत्मचरित्र मी तीनदा वाचलं. तिच्या घरचा कापडाचा कारखाना १८२९ साली बुडाला. ज्याच्याशी लग्न ठरलं होतं तो माणूस आधीच वेडात वारला होता. ऐकू कमी यायचं, कानाला कर्णा लावावा लागे. आणि ही बाई लिहिते की दिवाळं निघालं हे फार बरं झालं! कारण तोवर घरंदाज मुलीने पैशासाठी लिहिणं शोभत नव्हतं; ती पहाटे नाहीतर रात्री लपून लिहायची, दिवसा बैठकीत शिवण घेऊन बसायची. घरंदाजपणा बुडाला आणि दिवसाचे तास तिला परत मिळाले. तीन-चार वर्षांत तिच्या अर्थशास्त्रावरच्या गोष्टी देशभर गाजल्या. पुढे अँबलसाइडला तिने स्वतःच्या पैशांनी घर बांधलं. इंग्लंडातली सर्वांत सुखी एकटी बाई बहुधा मीच, असं तिने लिहून ठेवलंय. त्या वाक्यावर माझा पूर्ण विश्वास आहे, कारण त्याच्या आधीच्या पानांत कर्ज, शिवणाची मजुरी, प्रकाशकाशी झालेली घासाघीस सगळं आलेलं आहे. सुखाची किंमत लिहून मग सुख लिहिलंय.

प्रवासिनींबद्दल थोडं जपून वाचावं लागतं, कारण त्यांच्या साहसाने दिपून जायला होतं. मेरी किंग्जली पश्चिम आफ्रिकेत एका सापळ्याच्या खड्ड्यात पडली. खाली टोकदार खुंट रोवलेले होते, आणि जाड घागऱ्याने तिला वाचवलं. हा किस्सा सगळे सांगतात. मला तिच्याच लिखाणातली दुसरी गोष्ट लागते: भावाच्या शिक्षणावर दोन हजार पौंड खर्च झाले, तिच्यावर झाला तो फक्त जर्मनच्या शिकवणीचा. तिशीपर्यंत ती आजारी आईची सेवा करत घरात होती. १८९२ साली आईवडील काही आठवड्यांच्या अंतराने गेले, तेव्हा ती मोकळी झाली. आणि मोकळी म्हणजे तरी किती? भाऊ घरी असला की त्याचं घर सांभाळायला ती परत यायची. तो कुठे गेला की मग आफ्रिका. कापड, तंबाखू, गळ यांचा व्यापार करत, रबर आणि हस्तिदंत घेत ती फिरली; प्रवासाचा खर्च प्रवासातच काढला. तिने बायकांच्या मताधिकाराला विरोध केला हे वाचून मी पुस्तक दोन दिवस मिटून ठेवलं होतं. मग पुन्हा उघडलं. ती मला आवडते, आणि तिचं ते मत मला अजिबात मान्य नाही. दोन्ही खरं आहे.

मेरिअन नॉर्थकडे मात्र पैसा होता. वडील खासदार, ते १८६९ साली गेले, तेव्हा ती चाळिशीला आलेली. मग तिने जग पालथं घातलं, आपल्याकडेही १८७७ ते १८७९ हिंडली, आणि झाडंपानंफुलं तैलरंगांत रंगवली. लंडनजवळ क्यू उद्यानात तिने स्वतःच्या खर्चाने चित्रांसाठी इमारत बांधून दिली, १८८२ साली ती उघडली. माझी भाची तिथून जवळच, हाऊन्स्लोला राहते. तिच्याकडे गेले होते तेव्हा पहिल्याच सोमवारी तिथे गेले. आत पाऊल टाकलं आणि डोळे कुठे टेकवावेत कळेना. आठशेहून जास्त चित्रं, एकाला एक खेटून, मध्ये बोटभर भिंतही मोकळी नाही. खालच्या पट्टीत देशोदेशींच्या लाकडांच्या फळ्या बसवलेल्या, प्रत्येकीचा रंग वेगळा. येणाऱ्यांना इथे चहा मिळावा अशी तिची इच्छा होती. उद्यानाच्या संचालकांनी नाही म्हटलं, तर तिने दारावर चहाचं आणि कॉफीचं झाड रंगवून ठेवलं. ते पाहायला मी मान वर करून उभी राहिले, भाची म्हणाली, “मावशी, चल ना, पाय दुखतील.” ती इमारत जेम्स फर्ग्युसन यांनी आखलेली आहे. आपल्याकडच्या कोरीव लेण्यांवर, अजिंठ्यावर ज्यांनी सुरुवातीचं पुस्तक लिहिलं तेच हे फर्ग्युसन. पुण्याचं कॉलेज ज्यांच्या नावाचं ते वेगळे, मुंबईचे गव्हर्नर. अजिंठ्याच्या भिंतींवरही चित्रांमध्ये मोकळी जागा फारशी नाही, हे तिथे उभं असताना आठवलं.

आपल्याकडच्या दोन बायका या जगात प्रत्यक्ष जाऊन राहिल्या. कॉर्नेलिया सोराबजी, जन्म नाशिकचा, १८६६. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकली, मुंबई विद्यापीठात पहिल्या वर्गात आली. विलायतेला जायची सरकारी शिष्यवृत्ती गुणांनी तिची होती, पण ती बाई असल्यामुळे मिळाली नाही. मग इंग्लंडात काही जणांनी वर्गणी काढली. वर्गणी देणाऱ्यांत फ्लॉरेन्स नाइटिंगेलही होती, जिने स्वतः लग्न नाकारलं होतं. १८८९ साली कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल या बायकांच्या कॉलेजात दाखल झाली, १८९२ साली कायद्याच्या परीक्षेला बसली, आणि पदवी बायकांना देतच नसल्याने हातात यायला तीस वर्षं लागली. तिचे राजकीय विचार मला पटत नाहीत. इंग्रजांचं राज्य तिला हवंच होतं. पण त्या वर्गणीची यादी मला पाहायला मिळाली तर मी ती क्रॅनफर्डच्या बंद कागदांशेजारी ठेवीन.

दुसरी रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न झालं, ती नांदायला गेली नाही. नवऱ्याने १८८४ साली मुंबईच्या कोर्टात दावा लावला. वडिलांकडची मालमत्ता तिच्या नावावर होती, हे या दाव्यात विसरता येत नाही. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. म्हणाले की असा दावा मुळात इंग्रजी कायद्यातून आलाय, हिंदू धर्मशास्त्रातून नाही. पुढे निकाल फिरला, आणि १८८७ साली तिला सांगितलं गेलं: नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. ती म्हणाली, तुरुंग. आणि ज्या इंग्लंडातून हा कायदा आला, तिथे या कारणासाठी तुरुंगात घालणं १८८४ सालीच बंद झालं होतं! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तारखा दोनदा ताडून पाहिल्या. शेवटी १८८८ साली तडजोड झाली. दोन हजार रुपये देऊन ती सुटली. किंग्जलीच्या भावाच्या शिक्षणाला दोन हजार पौंड, रखमाबाईच्या सुटकेला दोन हजार रुपये. हे दोन आकडे माझ्या डोक्यात शेजारी शेजारी बसलेत, त्यांची बेरीज होत नाही. १८८९ साली ती लंडनला गेली, बायकांच्या वैद्यकीय शाळेत शिकली, डॉक्टर होऊन परत आली आणि सुरत, राजकोट इथे आयुष्यभर काम केलं. नवरा १९०४ साली वारला तेव्हा तिने विधवेचं पांढरं लुगडं नेसायला सुरुवात केली, असं तिच्याबद्दलच्या लिखाणात येतं. जो नवरा तिने कोर्टासमोर नाकारला, त्याच्या मरणाचं पांढरं तिने का घेतलं असेल? मी यावर खूप विचार केलाय. एकटीने, रोग्यांच्या घराघरांत जायचं, लोकांच्या तोंडाला तोंड द्यायचं, तर पांढरं लुगडं सोयीचं होतं का? की मनात काही वेगळंच होतं? मिस मॅटीच्या दोन मेणबत्त्यांपैकी कुठली खरी जळते, हे बाहेरून कळत नाही.

आता आत्याबद्दल. ती मुंबईत टेलिफोन ऑपरेटर होती, १९६२ सालापासून. इंग्लंडात १८७० साली तारखातं पोस्टाकडे आलं तेव्हा तिथे बसलेल्या मुलींबद्दल मी वाचते, तेव्हा मला तिच्या कानावरचा हेडफोन आणि केसांत त्याची पडलेली खाच दिसते. आधी गिरगावात भावाकडे, मग बायकांच्या वसतिगृहात, मग १९७० साली डोंबिवलीची खोली. “माझ्या नावावर आहे,” हे ती एकदाच म्हणाली होती, कुलूप लावताना, किल्ली पिशवीत टाकायच्या आधी तळहातावर ठेवून. माझ्या आईच्या नावावर तेव्हा काहीच नव्हतं.

तिच्या जमाखर्चाच्या वह्या माझ्याकडे आल्या. लाल कापडी पुठ्ठ्याच्या, लांबट, दुकानात वापरतात तशा. दूध, रॉकेल, पास, धोबी, दिवाळीला आमचे फ्रॉक. मी त्या हौसेने तपासल्या, जशा कुणाच्याही तपासेन. सगळं जुळतं. एकच नोंद मला अडली: ‘किरकोळ — १५’. जून १९७१ पासून. पुढे ती २० होते, मग २५. दर महिन्याच्या पाच तारखेला. किरकोळ खर्च दर महिन्याला सारखाच येत नसतो. आला तर तो किरकोळ नसतो, हे आमच्या कामात पहिल्या वर्षी शिकवतात. आणि एप्रिल-मेमध्ये ही नोंद नसते. जूनला परत सुरू. असं दहा वर्षं, मार्च १९८१ पर्यंत. मग बंद.

क्रॅनफर्डच्या बायका कागद बंद करून देतात ते पान वाचताना मी उठले, कपाट उघडलं आणि त्या वह्या पुन्हा काढल्या. जून ते मार्च. दहा वर्षं.

आत्याच्या तेराव्याला एक बाई आल्या होत्या, सत्तरीच्या पुढच्या, काठापदराची साधी साडी. बरोबर पन्नाशीचा मुलगा. तो बाहेर जिन्याशीच उभा राहिला. एक्स्चेंजमध्ये बरोबर होतो, एवढंच त्या म्हणाल्या. मी पांढऱ्या कपांतला एक त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ प्यायल्याच नाहीत. निघताना दारात वळून मला विचारलं, “तिच्या वह्या कुणाकडे आहेत गं?”

“माझ्याकडे,” मी म्हटलं.

“असू देत,” त्या म्हणाल्या, आणि मुलाचा हात धरून जिना उतरल्या.